मोठं ग्राफिक्स कार्ड झोपवायचं कसं? बीबीस्विचची गोष्ट

मी परंड्याहून बोलतोय. इथं उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की पंखा बंद, वायफाय बंद, उरते फक्त लॅपटॉपची बॅटरी. माझा सेकंडहँड लॅपटॉप तर साधी पीडीएफ वाचतानाही तव्यासारखा तापायचा आणि तासाभरात मान टाकायचा. एकदा परीक्षेचा फॉर्म भरता भरता बंद पडला, तेव्हा म्हटलं, आता याच्या मुळाशी जायचंच.

तर या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप दोन. इंटेलची काटकसरी, एनव्हिडियाची ताकदवान पण खादाड. गरज असेल तेव्हाच मोठी चिप जागी करायची, ही ऑप्टिमस नावाची सोय एनव्हिडियानं २०१० मध्ये आणली. लिनक्ससाठी मात्र ती तेव्हा दिलीच नाही. मग काय, मोठी चिप रिकामी बसूनही वीज खायची.

बीबीस्विच हे कर्नल मॉड्यूल म्हणजे त्यावरचा जुगाड. चिपची वीज तोडायची सोय लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते. बीबीस्विच एसीपीआयमार्फत तिला फक्त हाक मारतं.

आता कृती. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप इंग्रजीत करा.)

एक: 'एलएसपीसीआय' चालवून दोन चिप दिसतात का बघा. लॅपटॉप नवा असेल तर इथंच थांबा. नवे कर्नल आणि ड्रायव्हर हे काम स्वतःच करतात.

दोन: उबुंटू किंवा डेबियनवर कर्नल हेडर्स आणि 'बीबीस्विच-डीकेएमएस' टाका. डीकेएमएसमुळे कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल पुन्हा आपोआप बांधलं जातं.

तीन: नूव्हो किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर आधी उतरवा. चिप वापरात असेल तर बीबीस्विच ती बंद करायला साफ नकार देतं.

चार: 'मॉडप्रोब बीबीस्विच' करा आणि प्रॉक-एसीपीआयमधल्या बीबीस्विच फाइलमध्ये 'ऑफ' लिहा. नुसतं 'सुडो एको' चालत नाही, 'टी' कमांड वापरा. मग 'पॉवरटॉप'मध्ये आधीचे आणि आताचे वॉट ताडून बघा.

मॉड्यूल लोडच झालं नाही, तर सिक्युअर बूट तपासा. सही नसलेलं मॉड्यूल ते अडवतं. आणि लॅपटॉप गोठला तर घाबरू नका. ग्रबमध्ये बूटच्या ओळीला 'मॉडप्रोब डॉट ब्लॅकलिस्ट इज इक्वल टू बीबीस्विच' जोडा, मशीन सुरू होईल. म्हणूनच नीट खात्री होईपर्यंत हे कायमचं करू नका.

शेवटचं, पण महत्त्वाचं. बीबीस्विच ज्या बंबलबी प्रकल्पातून आलं, त्याच्या २०११ मधल्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'यूएसआर'नंतर एक जादा स्पेस पडली होती. एक उपफोल्डर पुसायचा, तर अख्खा 'यूएसआर' फोल्डरच साफ! एका स्पेसनं लोकांची सिस्टीम गेली. म्हणून सांगतो, 'सुडो' लावण्याआधी स्क्रिप्ट वाचा, आणि त्याआधी बॅकअप घ्या.

माझा लॅपटॉप आता लाईट येईपर्यंत तग धरतो. तुमचा किती टिकतो, कळवा. भेटू पुढच्या भागात!