विलापाचे व्याकरण : दुःखकाळातील ख्रिस्ती श्रद्धेची भाषा

दुःख कोसळले असता ख्रिस्ती मनुष्य आपली श्रद्धा कशी टिकवितो, हा प्रश्न सामान्यतः ईश्वरविद्येच्या अथवा मानसशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे भाषेच्या बाजूने पाहावयाचे आहे. श्रद्धा खरी की खोटी, याचा निर्णय व्याकरणाने होत नाही, हे उघड आहे. परंतु शोकग्रस्त माणूस कोणाशी, कोणत्या पुरुषात आणि कोणत्या अव्ययांच्या आधाराने बोलतो, हे पाहिल्यास त्या श्रद्धेच्या घडणीविषयी काही सांगता येते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठी ख्रिस्ती लेखनात रूढ झालेला ‘विश्वास’ हा शब्द संस्कृत ‘श्वस्’ धातूपासून आलेला आहे. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे, हा त्याचा मूळ भाव. याच अर्थक्षेत्रातील हिब्रू धातू ‘आमन्’ हा मात्र स्थिर असणे, टिकून राहणे, या अर्थाचा आहे. प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ त्याच धातूचा. व्युत्पत्तीवरून चालू अर्थ ठरवू नये, हा आपल्या शास्त्राचा नियम मला ठाऊक आहे. तरीही या भेदातून एक गैरसमज स्पष्ट होतो. शोकात नेमका श्वासच कोंडतो. म्हणून मनाची शांती गेली की विश्वासही गेला, असे पुष्कळांस वाटते. ‘आमन्’ धातू अशी शांती गृहीत धरीत नाही. घर हादरत असतानाही खांब उभा असू शकतो.

याची साक्ष स्तोत्रसंहितेत मिळते. तिच्यातील 150 स्तोत्रांचे प्रकारशः वर्गीकरण हेर्मान गुंकेल (1862–1932) या जर्मन पंडिताने केले. पुढे क्लाउस वेस्टरमान (1909–2000) याने विलापस्तोत्रांची घटना उलगडून दाखविली. संबोधन, तक्रार, भरवशाचा उच्चार, याचना आणि स्तुतीचे वचन, हे तिचे सामान्य घटक. उपासनेच्या या ग्रंथात विलापाचा वाटा फार मोठा आहे. तक्रार ही तेथे श्रद्धेतील त्रुटी मानलेली नाही. ती उपासनेचाच एक प्रकार आहे.

तेराव्या स्तोत्राचे उदाहरण घ्या. ‘कोठवर’ या अर्थाचा हिब्रू प्रश्न त्यात चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी देवालाच विचारला जातो. त्यानंतर ‘वअनी’ या शब्दाने भरवशाचे वाक्य सुरू होते. ‘अनी’ म्हणजे ‘मी’. त्यामागील ‘व’ या उभयान्वयी अव्ययात मात्र ‘आणि’ व ‘परंतु’ हा भेद नसतो. तो संदर्भावरून करावा लागतो. भाषांतरकाराची अडचण येथे आहे. ‘परंतु मी’ असे म्हटल्यास आधीची तक्रार मागे घेतल्यासारखी वाटते. ‘आणि मी’ म्हटल्यास विरोधाची धार जाते. माझ्या मते मराठीतील ‘मी तर’ ही रचना मूळाच्या सर्वांत जवळ जाते. तिच्यात बोलणारा वेगळा उभा राहतो, परंतु मागचे वाक्य खोडले जात नाही.

हेच ‘वअनी’ अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातही येते, आणि तेथे अभ्यासकाने थांबले पाहिजे. रचनेच्या सवयीने आपण त्यापुढे भरवशाच्या उच्चाराची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात त्यापुढे पुन्हा हाकच आहे. स्तोत्र संपते तेही ‘अंधार’ या अर्थाच्या शब्दावर. स्तुती नाही, वचन नाही, उत्तरही नाही. तरी हे स्तोत्र संग्रहातून कोणी वगळले नाही. त्यात श्रद्धेची जी खूण उरते ती केवळ द्वितीय पुरुषाची आहे: सर्व आरोप ‘तू’ या सर्वनामाच्या कर्तृत्वाने केलेले आहेत.

ईयोबाच्या ग्रंथात हा पुरुषभेद कथानकाचाच भाग होतो. त्याचे तीन मित्र देवाविषयी पुष्कळ बोलतात, बहुधा शास्त्रशुद्धच बोलतात. पण देवाशी बोलत नाहीत. ईयोब मात्र मित्रांना उत्तर देता देता मध्येच देवाकडे वळतो. ग्रंथाच्या शेवटी देव मित्रांवर रागावतो, तेथे हिब्रूत ‘एल’ हे शब्दयोगी अव्यय आहे. प्रचलित भाषांतरांत त्याचा अर्थ बहुधा ‘माझ्याविषयी’ असा केला जातो. ‘एल’चा प्रधान अर्थ ‘कडे, -ला’ असा आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘माझ्यासमोर’ असा शब्द योजला. ‘विषयी’ हा अर्थ अशक्य नाही. परंतु ‘माझ्याशी’ असा अर्थ घेतल्यास मित्रांचा दोष निराळाच ठरतो.

काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी त्याचा तरुण मुलगा गेल्यावर मी भेटीस गेलो होतो. येणारा प्रत्येक जण देवाची इच्छा, देवाची योजना, अशी तृतीयपुरुषी वाक्ये ठेवून जात होता. मीही तसलेच एक वाक्य बोललो. मुलाची आई म्हणाली, “सर, ते तुम्ही मला सांगू नका. मी त्यालाच विचारते आहे, रोज.” ती प्रार्थनेस बसत नाही, अशी कुजबुज त्या घरात मी ऐकली होती.

वधस्तंभावरील येशूची हाक बावीसाव्या स्तोत्राची आहे, हे सर्वविदित आहे. मार्काने ती ग्रीक लेखनात अरामी स्वरूपातच ठेवली. तीत टाकून दिल्याचा प्रश्न आहे, आणि ज्याला तो विचारला त्याच्या नामाला ‘माझ्या’ या अर्थाचा स्वामित्वदर्शक प्रत्ययही आहे.

मराठीत या सर्व स्थळांशी मूळ भाषांतून झुंजलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922). आईवडील त्यांनी दुष्काळात गमावले. भाऊ 1880 साली गेला, पती 1882 साली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1883 चा आहे. म्हणजे त्यांची ख्रिस्ती श्रद्धा शोकापूर्वीची नव्हे, शोकानंतरची. केडगाव येथे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले, तेही साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत. एकुलती एक कन्या मनोरमा जुलै 1921 मध्ये वारली. रमाबाईंचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.