पहाटेच्या शिंका आणि आपली गोधडी

पावसाळा सरता सरता आपल्या चांदवडकडे काही घरांत पहाटे मूल उठून बसते. सलग दहा-बारा शिंका, नाक गळते, डोळे खाजतात. एखाद्याच्या छातीतून सूं-सूं आवाज येतो. दोष गार हवेला किंवा आग्रा रोडच्या धुळीला दिला जातो. पण त्रास अंथरुणातच का वाढतो, याचा विचार आपण करीत नाही.

गादी, उशी व गोधडीत धूलिकीटक राहतो. तो कोळ्याच्या कुळातला, लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातो आणि हवेतला ओलावा शोषून जगतो, म्हणून पावसाळा त्याला मानवतो. खरा उपद्रव त्याच्या विष्ठेचा. कूस बदलली की तिचे कण उडून श्वासावाटे आत जातात. ज्याच्या शरीराला त्यातली प्रथिने सोसत नाहीत, त्याच्या नाकाला आतून सूज येते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. कीटक मेला तरी हे कण उरतात. त्यामुळे गोधडी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ती धुवावीच लागते. चादरी, अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, सुमारे ६० अंशाच्या, भिजवावेत. अंथरूण झटकायचे ते अंगणात, आणि दमेकऱ्याने मुळीच झटकू नये.

एवढ्याने दमा जातोच असे नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप बरे वाटताच परस्पर बंद करू नये. पंपाची ‘सवय लागते’ ही समजूत खोटी असून तिच्यापायी कित्येक मुलांच्या शाळा बुडतात.