मुखपृष्ठावरची मोकळी जागा
मासिकाची मांडणी : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण आतल्या पानांची ग्रिड पाहिली. स्तंभ किती, समास किती, छायाचित्र कुठे थांबायचं हे तिथे आधीच ठरलेलं असतं आणि पानं त्या चौकटीत बसत जातात. मुखपृष्ठाला तसा आधार नसतो. एकच पान, एकच छायाचित्र, मासिकाचं नाव आणि मजकुराच्या चार-सहा ओळी. आणि यांतल्या प्रत्येकाला पुढे यायचं असतं. ही ओढाताण सर्वांत उघडपणे दिसते ती फॅशन मासिकात, म्हणून आजचा लेख त्याच्याच मुखपृष्ठावर.

उदाहरण घेऊ ‘हार्पर्स बझार’च्या सप्टेंबर १९९२च्या अंकाचं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हे मासिक मागे पडलं होतं. ‘व्होग’ पुढे होतंच, त्यात १९८५मध्ये ‘एल’ची अमेरिकन आवृत्ती आली. तेव्हा हर्स्ट कंपनीने ब्रिटिश ‘व्होग’च्या संपादक लिझ टिल्बेरिस यांना न्यूयॉर्कला आणलं, आणि मांडणीची सूत्रं फाबियें बारों यांच्या हाती आली. नव्या रूपातला हा पहिला अंक. छायाचित्र पॅट्रिक डेमार्शेलिए यांचं, मॉडेल लिंडा इव्हॅन्जेलिस्टा. फिकट, रिकामी पार्श्वभूमी, काळा पोशाख, वर उचललेला हात, आणि शीर्षकातला एक ‘ए’ ओळीतून सुटून त्या हातापाशी कललेला. याखेरीज मजकूर फक्त एका वाक्याचा, डौलाच्या युगात या असं निमंत्रण देणारा.

त्या वेळी स्टॉलवरची बहुतेक मुखपृष्ठं मथळ्यांनी भरलेली असत. त्या गर्दीत हे पान लांबूनही वेगळं दिसे. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मासिकांच्या उत्तम मुखपृष्ठांत याची जागा फार वरची आहे, कारण इथला रिकामेपणा काम करतो. अक्षर पडतंय हे दिसायला त्याच्याभोवती मोकळी जागा लागते. बाजूला आणखी सहा मथळे असते, तर ‘ए’ मुद्दाम कललाय की छापताना चूक झालीय, हेच कळलं नसतं.

ही मोकळी जागा छायाचित्र काढतानाच मिळवावी लागते. मासिकाचं नाव वर बसायचं म्हणून डोक्यावर पुरेशी जागा हवी, मथळ्यांसाठी खांद्याच्या एका बाजूला सपाट, शांत भाग हवा. आता स्टुडिओत कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्रावर शीर्षकाचा पारदर्शक साचा आपोआप चढतो. कपाळ शीर्षकात घुसतंय का, हात मथळ्याच्या जागेत येतोय का, हे मॉडेल समोर उभी असतानाच दिसतं. स्टुडिओतला साधा पडदा नंतर संगणकावर वर वाढवता येतो. पण मागे रस्ता, झाडं, खिडक्या असल्या की तेही अवघड होतं, आणि अपुऱ्या जागेत कोंबलेलं शीर्षक लगेच ओळखू येतं.

डोकं शीर्षकाच्या पुढे की मागे, हा प्रश्न पुढचा. चेहरा अक्षरांवर आला की पानाला खोली येते आणि व्यक्ती वाचकाच्या दिशेने सरकल्यासारखी वाटते. ‘व्होग’ला हे सहज परवडतं. नाव पाच अक्षरांचं, शतकाहून जुनं. मधली दोन-तीन अक्षरं केसांआड गेली तरी टोकाच्या ‘व्ही’ आणि ‘ई’वरून वाचक नाव पूर्ण करतो. ज्या मासिकाचं नाव अजून कुणाला पाठ नाही त्याने हा मोह आवरावा.

याच ‘व्होग’चा नोव्हेंबर १९८८चा अंक पाहा. संपादक म्हणून ॲना विंटूर यांचा तो पहिला. पीटर लिंडबर्ग यांच्या छायाचित्रात मिकाएला बर्कू रस्त्यावर उभी आहे, केस वाऱ्याने चेहऱ्यावर आलेले, डोळे जवळपास मिटलेले. अंगात क्रिस्तियाँ लाक्र्वा यांचं रत्नांचा क्रूस जडवलेलं महागडं जॅकेट आणि खाली साधी जीन्स. छायाचित्र मुखपृष्ठासाठी काढलेलं नव्हतंच. छापखान्यातून फोन आला की हेच चित्र द्यायचंय ना, काही चूक तर झाली नाही ना; ही हकिगत विंटूर यांनी स्वतः पुढे लिहिली आहे. तोवर मुखपृष्ठावर नजर थेट वाचकाकडे आणि चेहरा अगदी जवळून, असा परिपाठ होता. कॅमेऱ्यात पाहणारे डोळे वाचकाला थांबवतात हा नियम खराच. पण बर्कूच्या या छायाचित्रात जी मोकळीक आहे ती त्या नियमात सापडली नसती. नियम कुठे सोडायचा हे छायाचित्राला विचारावं.

मोकळ्या जागेचं टोक गाठलं ते जानेवारी १९५०च्या ‘व्होग’ने. अर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी काढलेल्या जीन पॅचेटच्या छायाचित्रातून जवळपास सगळा चेहरा पुसून टाकला. उरला एक डोळा, ओठ आणि एक तीळ. बाकी चेहरा पाहणारा स्वतः भरून काढतो. अलेक्झांडर लिबरमन तेव्हा कलादिग्दर्शक होते. त्याआधी अठरा वर्षं, जुलै १९३२मध्ये, याच मासिकाने एडवर्ड स्टायकन यांचं रंगीत छायाचित्र पहिल्यांदा मुखपृष्ठावर घेतलं होतं. म्हणजे हाताने रंगवलेल्या मुखपृष्ठाकडून छायाचित्राकडे आणि छायाचित्रातूनही नको ते काढून टाकण्यापर्यंतचा प्रवास दोन दशकांच्या आत झाला.

आता अक्षरांकडे येऊ. ‘बझार’च्या त्या अंकात नवं रूप आणायचं होतं, पण मासिकाच्या जुन्या वैभवाशी नातंही जोडायचं होतं. ते वैभव अलेक्सी ब्रोडोविच यांचं. १९३४ ते १९५८ ते तिथे कलादिग्दर्शक होते आणि पांढऱ्या जागेचा धीट वापर त्यांनीच त्या मासिकात रुजवला. हे नातं जोडायला दिदो वळणाची अक्षरं घेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या दिदो घराण्याने घडवलेल्या या अक्षरांत उभ्या रेषा जाड आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक असतात. डिजिटल अक्षर मोठं केलं की बारीक रेषाही त्याच प्रमाणात जाड होते आणि सगळा नाजूकपणा जातो. लहान केलं की ती रेषा छपाईत तुटते. जोनाथन होफ्लर यांनी ‘बझार’साठी यावर उपाय केला: एकच अक्षरसंच सात वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळा काढला. सहा प्रकार, सात आकार, असे ४२ फॉन्ट. त्यामुळे बोटभर उंचीच्या अक्षरातही आडवी रेषा बारीकच राहिली. डौलाचं ते निमंत्रण पानावर एकटं उभं राहू शकलं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

अशी बारीक अक्षरं गडद छायाचित्रावर पांढरी ठेवायची असतील तर मात्र जपून. तिथे पांढरा रंग छापला जात नाही. चारही रंगांच्या प्लेटांनी ती जागा कोरी सोडायची असते. एखाद्या प्लेटचं रजिस्टर, म्हणजे इतर प्लेटांशी असलेली जुळणी, केसभर हललं तरी बारीक रेषा बुजते.

छापखान्याच्या आणखी काही अटी आहेत, त्या थोडक्यात. चारही बाजूंनी सहसा ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, हवा आणि महत्त्वाचं काही कटिंगच्या रेषेजवळ नको. गोंदाने बांधलेल्या जाड अंकाचं मुखपृष्ठ डाव्या कडेला काही मिलिमीटर आत दुमडतं, म्हणून मथळे तिथून दूर. बारकोडाचा प्रमाण आकार सुमारे ३७ मिमी रुंद, २६ मिमी उंच. गरजेनुसार तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करतात. पोशाखाला शोभतात म्हणून रेघा लाल करू नयेत. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच दिसतात.

स्टॉलची रचनाही मांडणी ठरवते. अंक एकावर एक सरकवून ठेवले की डावीकडचा तिसरा हिस्सा तेवढा दिसतो, म्हणून मुख्य मथळा डावीकडे घेण्याची पाश्चात्त्य रीत पडली. आपल्याकडे दोरीला क्लिपा लावून टांगलेल्या अंकांचा वरचा भाग आधी दिसतो. तिथे नाव आणि डोळे वरच्या निम्म्यात येणं जास्त मोलाचं.

मराठी मासिकासाठी हे सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही. रोमन मोठी अक्षरं एका सरळ पट्टीत बसतात. देवनागरीत शिरोरेखेवर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. म्हणून शीर्षकाला जास्त उंची आणि दोन ओळींत जास्त अंतर लागतं. शिरोरेखेची एक सोय आहे: मध्ये डोकं आलं तरी दोन्ही बाजूंनी निघालेली रेघ शब्द सलग असल्याचं सांगते. पण झाकलेला भाग नीट निवडावा लागतो. ‘मेनका’ची मात्रा झाकली तर ‘मनका’ उरतो. ‘स्त्री’सारखं एकाक्षरी नाव तर झाकायची सोयच नाही. दीनानाथ दलाल ‘दीपावली’चे चित्रकारही होते आणि संपादकही, नाव कुठे येणार हे ठाऊक असलेला माणूसच चित्र रंगवत होता. आज चित्र एकाकडून, अक्षरं दुसऱ्याकडून आणि मथळे शेवटच्या रात्री संपादकाकडून येतात.

दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांना म्हणूनच विनंती आहे. चित्रकाराला किंवा छायाचित्रकाराला काम सांगताना शीर्षकाचा साचा त्याच कागदावर काढून द्या, मथळे किती आणि कुठे ते लिहून द्या, आणि कोणती जागा कोरी राहणार तेही त्याच वेळी ठरवा. पुढच्या आठवड्यात अनुक्रमणिकेचं पान.