घराचं छत स्वतः रंगवताय? टेबलावर स्टूल ठेवू नका, रोलरला दांडा लावा!

मीरा-भाईंदरच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळा संपला की वरच्या मजल्यावरच्या अनेक घरांत छतावर ओलीचे डाग दिसतात आणि दिवाळीआधी रंगकामाची घाई होते.

आधी काय तपासाल?
फूटभर प्लास्टिक छताला चारही बाजूंनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी आत पाणी दिसलं तर थांबा. गळती बंद न करता रंग दिला, तर पोपडे निघणारच.

दांडा किती लांब हवा?
राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट. छातीपासून छतापर्यंत उरतात ५ फूट. त्यामुळे कमी-जास्त होणारा ४ ते ६ फुटांचा दांडा पुरतो.

कसं रंगवाल?
पंख्याचा वीजपुरवठा बंद करा, पाती झाका. कडा आधी ब्रशने रंगवा. त्यासाठी घडीची शिडी घ्या आणि ती कुणाला तरी धरायला सांगा. बाकीचं छत जमिनीवर उभं राहूनच होतं. रोलरच्या बरोबर खाली उभे राहू नका. दांडा पुढे तिरका धरा. मान अवघडत नाही, थेंब डोळ्यांत पडत नाहीत. पहिला पट्टा ओला असतानाच दुसरा त्यावर थोडा चढवा, नाहीतर सुकल्यावर जोड दिसतात.