गोळ्या संपल्यानंतर

कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला की जंतू मरतात. हाताची गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. गरम पेला धरला तरी चटका कळत नाही. बोटे 'झडतात' असे आपल्याकडे म्हणतात, ते चूक आहे. न कळलेल्या जखमा चिघळून हाड झिजते. म्हणून रोज हातपाय डोळ्यांनी तपासणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ रबराची चप्पल घालणे, अवजाराच्या मुठीला कापड गुंडाळणे, ही सवय जन्मभराची.

मनाचे काय? आपल्या पांढुर्णा-सौंसरहून नागपूरमार्गे वरोऱ्याला गेले की बाबा आमटे यांचे आनंदवन लागते. १९४९ साली ६ रुग्ण, १४ रुपये आणि एका लंगड्या गायीवर ते सुरू झाले. तिथे भीक नव्हती, शेती होती. आपण पिकवलेले लोक खातात हे दिसले, की माणूस मान वर करून बोलतो, असे आम्हांस वाटते.

बँकेतल्या नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकलो. सही किंवा हाताचा अंगठा शक्य नसेल, तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. साक्षीदार दोन लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. काउंटरवरच्या माणसालाही हे पुष्कळदा ठाऊक नसते. घरात असे कोणी असेल, आणि त्यांना चालवत असेल, तर पैसे काढायला दुसऱ्याला धाडू नका. त्यांनाच शाखेत न्या.