ढगातली ओढाताण आणि जमिनीवरचा माणूस

वैशाखात बालाघाटावर वळवाचे ढग चढू लागले, की आमच्या बीड जिल्ह्यातला शेतात राबणारा माणूस एकच अंदाज बांधतो : ढग डोक्यावर आहे की दूर? दूर असेल, तर काम चालू ठेवायचे. हा अंदाज कोठे फसतो, हे कळण्यास विजेच्या शास्त्रातला एक साधा नियम पुरेसा आहे. कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही तो नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या जोरावर सांगत आलो आहो.

कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1785 साली विद्युत्‌भारांमधील जोर मोजला. सजातीय भार एकमेकांस लोटतात, विजातीय ओढतात. आणि अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो. एखाद्या जागी एक एकक धनभार ठेवल्यास त्यावर जेवढा जोर पडेल, ते त्या जागेचे विद्युत्क्षेत्र.

आता भार अनेक असले तर? प्रत्येक भार, इतर भार जणू नाहीतच अशा रीतीने आपापला जोर लावतो. आपण प्रत्येकाचा जोर वेगळा काढावा आणि मग दिशा पाहून बेरीज करावी. एका दिशेचे जोर मिळवावेत, विरुद्ध दिशेचे वजा करावेत, तिरप्या जोरांचे उभे व आडवे भाग पाडून घ्यावेत. एका दोराला दोन बैल दोन बाजूंना सारखेच ओढू लागले तर दोर जागचा हलत नाही. पण त्यावरचा ताण काही नाहीसा होत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गडगडाटी ढगात साधारणपणे वरच्या अंगाला धनभार आणि खालच्या अंगाला ऋणभार साठतो. हिशेबासाठी एक नमुना घेऊ. 5 किलोमीटर उंचीवर 40 कूलोम ऋणभार, आणि त्याच्या बरोबर वर 10 किलोमीटरवर तेवढाच धनभार. या भारांमुळे जमिनीतही विरुद्ध भार गोळा होतो. त्यामुळे जमिनीलगत आडवे जोर कटतात आणि उभे जोर दुप्पट होतात. ढगाच्या थेट खाली खालचा भार मीटरमागे 28,800 व्होल्टचे क्षेत्र वरच्या दिशेने निर्माण करतो. वरचा भार दुप्पट अंतरावर, म्हणून त्याचे चौथाई, म्हणजे 7,200, तेही उलट दिशेने. बाकी उरते 21,600. स्वच्छ हवेत हा आकडा साधारण 100 असतो.

आता तेथून 10 किलोमीटर, म्हणजे सुमारे तीन कोस दूर चला. खालचा भार जवळ खरा, पण त्याचा जोर फार तिरपा पडतो. वरचा भार दूर, पण त्याचा जोर अधिक उभा. उभे भाग काढले तर एक सुमारे 2,580 आणि दुसरा सुमारे 2,550. बाकी अवघी 30! तेथे मोजयंत्र ठेवले तर ते स्वच्छ हवेहूनही कमी आकडा दाखवील. मग ढग रिकामा झाला काय? मुळीच नाही. दोन मोठे जोर समोरासमोर ठाकले आहेत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. एका कडकडाटासरशी खालचा 10 कूलोम भार निघून गेला, की तोल मोडतो आणि तीच बाकी क्षणात उलट दिशेने 600 वर जाते.

खरा ढग या नमुन्याहून गुंतागुंतीचा असतो. बोध मात्र तोच. आपल्या जागी शांत आहे, यावरून ढगाचा भरवसा धरू नये. ढगाच्या कुशीतून निघालेली वीज आडवी धावून 10 किलोमीटरहून दूरही जमिनीला भिडते. म्हणून गडगडाट कानी पडला की काम थांबवावे. झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद मोटारीत जावे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते. मुकादमांनी ते अवश्य वापरावे.

परंतु पक्के घर जवळ असेल तरच माणूस त्यात शिरणार. आमच्या जिल्ह्यातून हजारो मजूर ऊसतोडीला जातात आणि फडाजवळ कोपीत राहतात. कोपी पावसाची सर अडवील, वीज अडवणार नाही. मजुराने शास्त्र शिकावे, हे योग्यच. पण गडगडाट होताच काम थांबवल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाऊ नये आणि धावत गाठता येईल असा पक्का निवारा त्याला मिळावा, ही जबाबदारी त्याच्याकडून काम घेणाऱ्यांची आहे.