2011 च्या माणसांचे प्रभाग

पुण्याहून सासवडकडे जाताना हडपसर कुठे संपते आणि फुरसुंगी कुठे सुरू होते, हे रस्त्यावरून कळत नाही. वारा फिरला की कचरा डेपोचा वास दोन्हीकडे सारखाच पोचतो. मतपत्रिका मात्र वेगळी. डिसेंबर 2025 मध्ये फुरसुंगीच्या मतदाराने उरुळी देवाची–फुरसुंगी या नव्या नगरपरिषदेचा अध्यक्ष थेट निवडला. हडपसरच्या मतदाराने 15 जानेवारी 2026 ला एका दमात चार नगरसेवकांसाठी मते दिली. महापौर कोण व्हावा हे त्याला कोणी विचारले नाही. ते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार याची सोडत तर निकालानंतर निघाली. महापालिका आणि नगरपरिषद यांच्यामधली ही रेषा मंत्रालयातल्या एका अधिसूचनेची आहे. शहराची हद्द, प्रभागाचा आकार आणि शहरप्रमुख निवडण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रात ज्यांना त्यांचा लाभ होतो तेच राजकारणी ठरवतात, आणि म्हणूनच त्या कधी स्थिर होत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी प्रभाग रचनेचे काम जरा जवळून पाहायला हवे.

या कामाचा सगळ्यांत लहान दगड म्हणजे प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाच्या वाट्याला आलेली घरे म्हणजे एक गट. असे गट जोडत जोडत प्रभाग तयार होतो, आणि गट शक्यतो फोडायचा नाही असा दंडक आहे. सुरुवात उत्तरेकडून करायची, ईशान्य, पूर्व, पश्चिम असे सरकत दक्षिणेला संपवायचे. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग ओलांडायचा नाही. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली एवढीच. नियम वाचले तर त्यात खोट काढायला जागा नाही. महापालिकेतला कनिष्ठ अभियंता नकाशा समोर घेऊन बसतो, तेव्हा त्याच्यापुढे खरोखरच एक गणित असते. अडचण त्या गणितातल्या आकड्याची आहे. तो 2011 चा आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून 2025 चे प्रभागही 2011 च्या माणसांवर बेतले गेले. नकाशावर आज दिसणारा पंचवीस मजली इमारतींचा पुंजका 2011 च्या यादीत ज्वारीचे रान असू शकतो, आणि अभियंत्याला हे डोळ्यांनी दिसत असले तरी कागदावर आणता येत नाही.

आता हे गणित पुण्यापुरते मांडून पाहा. तीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकेत कायद्याने किमान 161 नगरसेवक आणि पुढच्या प्रत्येक लाखामागे एक. 2017 मध्ये शहर होते 31 लाख 24 हजारांचे, म्हणून 162 नगरसेवक. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. त्यांतून पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची वजा होऊन उरलेली 32 गावे धरली तरी 2011 च्या हिशेबाने लोकसंख्या भरते सुमारे 34 लाख 81 हजार. म्हणजे 165 नगरसेवक. धायरी, उंड्री, वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे एवढे सगळे आले आणि सभागृहात खुर्च्या वाढल्या तीन. चार जणांचा एक प्रभाग सरासरी 84 हजारांचा झाला. आंबेगाव–कात्रजचा एकमेव पाच सदस्यांचा प्रभाग त्याच हिशेबाने लाखाच्या वर जातो. आणि याच निवडणुकीची मतदार यादी तयार झाली तेव्हा तिच्यात 35 लाखांहून अधिक नावे होती. दुबार नावांचा गोंधळ मान्य करू. तरीही ज्या शहरात मतदार हे लोकसंख्येपेक्षा जास्त भरतात, तिथे प्रत्येक मताचे वजन समान राखले आहे असे प्रशासनाने कोणत्या तोंडाने सांगावे? शहराच्या कडेला राहणाऱ्याचे मत पेठेतल्या मतापेक्षा हलके झाले आहे. 2011 नंतर पेठा फारशा वाढल्या नाहीत, कडा वाढल्या.

असे आखलेल्या प्रभागांचे प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते, अंतिम रचना जाहीर होते. 2025 मध्ये पुण्यात पाच हजारांहून जास्त हरकती आल्या. त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच असतो: आमची वस्ती नाल्यापलीकडच्या प्रभागाला का जोडली? प्रशासनाचे उत्तरही ठरलेले, प्रगणक गट फोडता येत नाही. हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते, म्हणून ते ढाल म्हणून फार उपयोगी पडते. शेजारचे चार गट डावीकडे जोडायचे की उजवीकडे, या दोन्ही पर्यायांत नियम पाळले जातात; पण एकात एखादा माजी नगरसेवक सुखरूप राहतो आणि दुसऱ्यात त्याचा हक्काचा मतदार दोन प्रभागांत वाटला जातो. नियमाची मोकळीक आहे तिथेच राजकारणाला जागा मिळते. ती जागा कोणाच्या हाती असावी, एवढाच खरा प्रश्न.

मार्च 2022 पर्यंत ती राज्य निवडणूक आयोगाच्या हाती होती. त्या महिन्यात विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ती काढून राज्य सरकारकडे दिली, आणि तीही एकमताने. एरवी एकमेकांच्या नरडीला हात घालणाऱ्या पक्षांचे इतके मनोमीलन फार थोड्या विधेयकांवर होते. यावर असे सांगतात की आयोगाकडे ना अभियंते ना नकाशे. काम महापालिकेचेच कर्मचारी करणार, मग नाव कोणाचे याला काय महत्त्व? शिवाय अंतिम मान्यता आयोगाचीच आहे. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण कर्मचारी तेच असले तरी मसुदा आधी कोणाच्या टेबलावर जातो, याने फरक पडतो. नगरविकास खात्यातून फिरून आलेल्या मसुद्याला आयोगाची मान्यता मिळणे वेगळे आणि आयोगाने आपल्या देखरेखीखाली मसुदा करवून घेणे वेगळे. केरळात या कामासाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र परिसीमन आयोग असतो. तिथेही राजकारण काही कमी नाही.

दुसरा आक्षेप बहुसदस्यीय प्रभागाच्या बाजूचा. एका वॉर्डात एकच नगरसेवक असला की तो तिथला जहागीरदार होतो. मोठ्या प्रभागात पैशाचा जोर कमी पडतो आणि आरक्षणाने दर वेळी कोणाला तरी बेघर व्हावे लागत नाही. हे तत्त्व म्हणून ऐकायला मी तयार आहे. पण तत्त्व असते तर ते टिकले असते. पुण्यात 2002 ला तीनचा प्रभाग, 2007 ला एकचा, 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. 2022 मध्ये तीनच्या हिशेबाने 58 प्रभाग आणि 173 नगरसेवक कागदावर तयार झाले, सरकार बदलले, ऑगस्टमध्ये ते रद्द झाले, आणि 2025 मध्ये पुन्हा चार. मुंबईत मात्र एकसदस्यीय वॉर्ड कोणीच मोडला नाही. जहागीरदारी मुंबईत होत नाही काय? नगराध्यक्षाचेही तेच. थेट निवड 2001 ला आली, 2006 ला गेली, 2016 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला पुन्हा आली. महापौराच्या बाबतीत थेट निवडीचे नावच नको, कारण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि अडीच वर्षांचा महापौर सभा चालवतो.

राहिला हद्दीचा प्रश्न. फुरसुंगीकरांची तक्रार खोटी नव्हती: कर महापालिकेच्या दराने, पाणी टँकरचे, आणि वर सगळ्या शहराचा कचरा दारात. बाहेर पडावे असे त्यांना वाटले यात नवल नाही. पण निर्णय झाला कसा? महापालिकेची हद्द बदलायची तर महापालिकेशी विचारविनिमय करावा लागतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती; सर्वसाधारण सभेच्या नावाने संमती दिली ती शासनानेच नेमलेल्या प्रशासकाने. विचारणारे शासन, उत्तर देणारेही शासन. संविधानाच्या 243-यू कलमाप्रमाणे पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि सारख्या बदलणाऱ्या प्रभाग रचनेवरचे खटले यांत जवळजवळ चार वर्षे गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर चाक हलले. या चार वर्षांत शहराची हद्द बदलली, अंदाजपत्रके मंजूर झाली, आणि मतदाराचा एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

जनगणना आता 2027 मध्ये होत आहे. तिचे आकडे आले की 2011 ची ढाल गळून पडेल आणि राज्यभरातले सगळे प्रभाग नव्याने आखावे लागतील. प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडे परत देणे, दोन जनगणनांच्या मध्ये सदस्यसंख्या बदलायला मनाई करणे आणि प्रशासक असताना हद्द न बदलणे, एवढ्या दुरुस्त्या त्याआधी व्हायला हव्यात. आपल्या नव्या नगरसेवकाकडे रस्ता आणि पाणी जरूर मागा. आमदाराकडे मात्र हे मागा, कारण 2022 चे ते विधेयक त्यांच्याच सभागृहात मंजूर झाले.